कोल्हापुरात चेरीचं झाड: छोट्या जागेत लावायचं कसं आणि छाटायचं कसं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे कुणाचे पैसे वाया जायला नकोत. मे-जूनमध्ये बाजारात छोट्या बॉक्समधनं जी गडद लाल गोड चेरी येते, काश्मीर नाहीतर हिमाचलची, ती कोल्हापुरात येत नाही. रोप आणून लावलं तर वर्ष-दोन वर्षं जगंल कदाचित, पानं पण दाखवंल, पण फळ धरणार नाही. त्या झाडाला हिवाळ्यात पानं गाळून झोपायचं असतं आणि नीट जागं व्हायला ७ अंशाच्या खालची थंडी लागते, तीही तासांच्या हिशोबात, बहुतेक जातींना साधारण ८०० ते १२०० तास. आपल्याकडं जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर स्वेटर घालून चालायला जातो ती थंडी म्हणजे १३-१४ अंश, आणि ती पण ऊन वर आलं की संपली. 'मग महाबळेश्वरला येईल का' असं हमखास कुणीतरी विचारतंच, तर तिथंही एवढी थंडी एवढे तास नसते. कमी थंडीत येणाऱ्या जाती निघाल्यात, मिनी रॉयल आणि रॉयल ली म्हणून, पण त्यांनासुद्धा दोनेकशे तास तरी लागतातच, ते आपण आणणार कुठनं.

त्यामुळं ऑनलाईन लालभडक फळांनी लगडलेला फोटो दाखवून 'कुठल्याही हवामानात येणारी काश्मिरी चेरी' म्हणून जे रोप विकतात त्याच्या नादाला लागू नका. खाल्लेल्या चेरीच्या बिया फ्रीजमध्ये ठेवून उगवायचा उद्योग पण बरेच जण करतात, तीन महिने ओल्या टिश्यूत गार ठेवलं तर एखादी बी उगवते सुद्धा, पोरांना दाखवायला बरं आहे, पण त्याच्यावर जागा अडवू नका.

मग लावायचं काय? तर बार्बाडोस चेरी. हिलाच असेरोला म्हणतात, शास्त्रीय नाव मालपिगिया इमार्जिनाटा. मूळची वेस्ट इंडीज, मध्य अमेरिका त्या बाजूची, म्हणजे उष्ण हवेतलीच, थंडीबिंडी काही लागत नाही. झुडूपवजा झाड, सोडून दिलं तर दहा-बारा फूट जाईल, पण छाटून सहा-सात फुटांत आरामात राहतं, अर्ध्या गुंठ्याची बाग असली तरी एका कोपऱ्यात बसतं. फळ दिसायला चेरीसारखंच, चवीला आंबटगोड, जरा आंबटच जास्त. आणि व्हिटॅमिन सी म्हणाल तर संत्र्याच्या कितीतरी पट, १०० ग्रॅम फळात हजार मिलीग्रॅमच्या वर. आवळ्याला सुद्धा भारी पडतं.

नर्सरीत घेताना

इथं घोळ होतो. नर्सरीत नुसतं 'चेरी द्या' म्हटलं की तीन-चार वेगळीच झाडं पुढं येतात. एक सिंगापूर चेरी, तिची पानं हाताला चिकट केसाळ लागतात, कडा करवतीसारखी, फांद्या आडव्या पसरतात. झाड लई झपाट्यानं वाढतं, वीस-पंचवीस फूट सहज जातं, फळ गोड आहे, पण छोट्या जागेत ते लावलं की दोन वर्षांत शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जातं आणि रात्री वटवाघळं येतात ती वेगळीच. दुसरी सुरिनाम चेरी, फळाला भोपळ्यासारख्या आठ कडा असतात आणि पान चुरगाळलं की उग्र वास येतो, ही छोट्या जागेत चालते पण चव सगळ्यांना आवडत नाही. आणि केकवर, पानात जी लाल चेरी असते ती बऱ्याचदा पाकात रंगवलेलं करवंद असतं, त्याचा इथं संबंध नाही.

बार्बाडोस चेरीचं पान गुळगुळीत, चकचकीत, गडद हिरवं, कडेला हलकी लाट, समोरासमोर जोडीनं येतं. चुरगाळलं तर खास वास नाही. फूल गुलाबी, पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीची कडा झालरीसारखी चुरचुरलेली, पाकळीचा देठाकडचा भाग एकदम बारीक. फूल दिसलं तर ओळख पक्की.

बीपासनं केलेलं रोप घेऊ नका, गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) किंवा काडीपासनं केलेलं घ्या. याच्या बियांत बऱ्याचदा गरच नीट भरलेला नसतो, आणि उगवलेलं झाड कसं निघंल ते सांगता येत नाही. गुटीचं रोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं. आणि नर्सरीवाल्याला लाजू नका, पिशवी आडवी करून मुळं थोडी बघायला मागा. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसल्या तर ते रोप फुकट दिलं तरी नको. ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, गाठ असते, आणि या झाडाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. एकदा ती माती बागेत आली की वांगी, टोमॅटो, भेंडी सगळ्यांना लागते.

जमलं तर दोन रोपं घ्या, दोन वेगवेगळ्या नर्सरीतनं. का ते पुढं येईलच.

जागा आणि खड्डा

ऊन सहा तास तरी पाहिजे. सावलीत झाड जगतं, हिरवंगार दिसतं, फुलं मात्र चार. भिंतीपासनं पाच-सहा फूट सोडा, दोन झाडांत आठ-दहा फूट.

मातीचं बघा, कोल्हापुरात दोन टोकं आहेत. वडणगे, कसबा बावडा, नदीच्या बाजूला काळी भारी जमीन, पन्हाळ्याकडं जाल तशी तांबडी. तांबड्या मातीत याचं फार काही बिघडत नाही, शेणखत जास्त घाला आणि पाणी जरा वरचेवर द्या, विषय संपला. खरं दुखणं काळ्या मातीत. जुलैत आठ-दहा दिवस झड लागली की काळ्या जमिनीत पाणी मुरायचं नावच घेत नाही, आणि या झाडाची मुळं उथळ असतात, ती पाण्यात बसली की कुजतात. वरनं पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं खत कमी पडलं, मग तो आणखी खत टाकतो आणि झाड जातं.

त्यामुळं खड्डा काढला की आधी दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असंल तर तिथं खड्ड्यात झाड लावायचं नाही, उंचवट्यावर लावायचं. म्हणजे खड्डा भरून वर आणखी फूटभर मातीचा ढीग करायचा, तीन-साडेतीन फूट रुंद, त्याच्या डोक्यावर रोप. पाणी उतरायला एका बाजूनं छोटी चर काढून द्यायची. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या दारात पुराचं पाणी आलं होतं त्यांनी जमिनीत लावायच्या भानगडीत पडू नये, मोठ्या ड्रममध्ये लावून गच्चीवर ठेवावं.

नवीन कॉलनीतल्या प्लॉटचं वेगळंच. तिथं वरनं छान माती दिसते आणि फूटभर खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा, मुरूम. हे सगळं बाहेर काढा, आळस करू नका. सिमेंट-चुन्यानं माती अल्कली होते आणि मग झाडाला लोह मिळत नाही, नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. ते दिसलं तर चिलेटेड लोह-जस्ताची फवारणी करायची, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, पण मुळातली माती सुधारल्याशिवाय ते परत परत येणार.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट. भरताना निम्मी चांगली माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि मूठभर ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर). आपल्याकडं साखर कारखान्यांचा प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, सहज मिळतो, तो चालतो, पण पूर्ण कुजलेला, हाताला गरम न लागणारा. ताजा प्रेसमड खड्ड्यात घातला तर तो आत तापतो आणि मुळं भाजतात.

लावायची वेळ म्हणजे तांबड्या, निचऱ्याच्या जागेत मृगाचा पाऊस स्थिरावला की. काळ्या जमिनीत मात्र पावसाळा उतरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. रोप काढताना हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका, पिशवी चाकूनं उभी कापून अलगद सोडवा, पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. शेजारी बांबू रोवून सुतळीनं सैल आठाच्या आकड्यासारखं बांधा. हे बांबूचं मनावर घ्या, एप्रिल-मेमधल्या वळवाचं वारं कसं असतंय माहीत आहे, उथळ मुळाचं झाड आडवं व्हायला एक झटका पुरतो.

पाणी आणि खत

आपण सगळे उसाच्या मुलखातले, त्यामुळं पाणी म्हणजे पाट सोडायचा आणि खत म्हणजे युरिया, ही सवय अंगातच आहे. या झाडाला दोन्ही चालत नाही. नुसता युरिया दिला की फांद्या दोन-दोन हात लांब, पानं तळहाताएवढी आणि फूल नाही.

पहिलं वर्ष उन्हाळ्यात दोन-तीन दिवसाआड एक बादली. नंतर मोठं झाल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातनं दोनदा दीड-दोन बादल्या, हिवाळ्यात आठवड्यातनं एकदा बास. ड्रीप असलं तर दोन ड्रीपर बुंध्यापासनं फूट-दीड फुटावर ठेवा, बुंध्याला चिकटून नको. फूल आणि बारीक फळ असताना मात्र पाण्यात खंड नको, तेव्हा माती कोरडी पडली की फळं मण्याएवढी असतानाच गळतात.

आळ्यात उसाचं पाचट घाला, चार बोटं जाडीचं, बुंध्यापासनं वीतभर लांब. आपल्याकडं पाचट पेटवून देतात त्यापेक्षा कुणा शेतकऱ्याला विचारून दोन भारे आणा, कुणी नाही म्हणत नाही. वाळवी लागते का तेवढं अधनंमधनं उचकटून बघायचं. पावसाळ्यात ते बाजूला ओढायचं.

खत वर्षातनं दोनदा, छाटणीनंतर फेब्रुवारीत आणि पावसाळा संपताना. मोठ्या झाडाला प्रत्येक वेळी एक-दोन पाट्या शेणखत आणि अर्धा-एक किलो निंबोळी पेंड. जीवामृत करत असाल तर महिन्यातनं एकदा द्या, चांगलं लागू पडतं.

छाटणी

आता मेन विषय. यूट्यूबवर चेरी प्रुनिंग टाकलं की जे व्हिडिओ येतात ते सगळे त्या थंड मुलखातल्या चेरीचे. ते बघून आपल्या झाडाला हात लावू नका, दोन्हीचं गणित वेगळं आहे. त्या चेरीला फळ धरतं ते दोन वर्षं आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड गुबगुबीत काड्यांवर, स्पर म्हणतात त्यांना, एकेक स्पर वर्षानुवर्षं फळ देत राहतो, म्हणून तिथं तो जपायचा असतो. आणि तिकडं छाटणी करतात ती फळं काढून झाल्यावर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, कारण गारठ्यात-ओलीत केलेल्या जखमेतनं कँकर आणि सिल्व्हर लीफ नावाचे रोग आत शिरतात. तुमची बहीण लग्न करून शिमल्याला गेली असंल तर तिला हे सांगा. आपल्याला यातलं एकच घ्यायचं, की ओल्या दिवसात मोठी जखम करायची नाही.

आपल्या बार्बाडोस चेरीला फूल येतं पानाच्या बगलेत, बाजूच्या आखूड फांद्यांवर, आणि तेही जिथं ऊन पोचतं तिथंच. झाडाच्या आत हात घालून फांद्या बाजूला करून बघा, बाहेरच्या बाजूला फुलं-फळं आणि आत नुसत्या वाळक्या काटक्या, दोन-चार पिवळी पानं. ते झाड आपोआप गचपण करतं, एकाच बुडातनं दहा-बारा फुटवे, एकमेकांत अडकलेल्या फांद्या. छाटणी करायची ती आत ऊन घालायला. आकार उलट्या छत्रीसारखा ठेवायचा, मध्ये मोकळं.

लावतानाच सुरुवात करा. एकदांडी रोप असंल तर दीड-दोन फुटांवर शेंडा उडवा. जीव होत नाही पुष्कळ जणांचा, नवीन रोप आणलंय आणि लगेच कापायचं म्हणजे, पण आत्ता नाही कापलं तर पुढं काठीसारखं उंच जाऊन वाऱ्यानं झोपतं. शेंडा उडवला की महिन्या-दीड महिन्यात खालनं पाच-सहा फुटवे येतात. त्यातले तीन-चार ठेवा, वेगवेगळ्या दिशेला गेलेले आणि एकाच उंचीवरनं न निघालेले. एकाच जागेतनं तीन फांद्या निघाल्या की फळाच्या वजनानं तिथंच फाटतात. जमिनीपासनं फूटभर खोड साफ ठेवा, तिथं जे येईल ते कोवळं असतानाच बोटानं मोडून टाका, कात्री सुद्धा लागत नाही.

दुसऱ्या वर्षी त्या तीन-चार मुख्य फांद्या हातभर झाल्या की त्यांचे शेंडे खुडा. प्रत्येकीला दोन-तीन पोटफांद्या येतील, त्यातल्या बाहेर जाणाऱ्या ठेवा, आत येणाऱ्या काढा. या वर्षी थोडीफार फळं लागतील, ती खावा, पण फळासाठी आकार सोडू नका.

तिसऱ्या वर्षापासनं मोठी छाटणी वर्षातनं एकदाच, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा हवा कोरडी, झाड जरा सुस्त, आणि पुढं ऊन वाढायला लागलं की नवीन फूट जोरात येते. सकाळी करा, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कोवळ्या पानांवर बारीक लव असते, ती कुणाकुणाला खाजते.

सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार पाहिजे. बोथट सिकेटरनं फांदी कापत नाही, चेंगरते. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला छोटी करवत. सुरू करायच्या आधी पात्याला स्पिरीट लावून पुसा, आणि एका झाडावरनं दुसऱ्यावर जाताना परत.

झाडापुढं उभं राहिलं की लगेच कापायला लागू नका. एक फेरी मारा. आधी वाळलेलं आणि मोडकं काढा, याला काही विचार लागत नाही आणि एवढं काढल्यावरच झाड अर्धं मोकळं दिसतं. मग एकमेकीला घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक, वाकडी असंल ती. मग आत जाणाऱ्या. मग वॉटरशूट, हे सरळ आकाशाकडं जाणारे जाडजूड, लांब पेराचे, कोवळे फुटवे असतात, दिसायला लई जोमदार पण तसेच सोडले तर नुसतं अन्न खातात. सगळ्यात शेवटी उंची. आणि एका वर्षात एकूण झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका. हात आवरता येत नाही हे खरं आहे, एकदा कापायला लागलं की आणखी एक, आणखी एक असं होतं, म्हणून मी कापलेला ढीग बाजूला ठेवतो आणि मधनं मधनं त्याच्याकडं बघतो.

एक फांदी नीट बघू. हातभर लांब, पेन्सिलीएवढी जाड, करडी साल आणि सालीवर पांढरट बारीक ठिपके. बुडाकडच्या अर्ध्या भागात बोटभर लांबीच्या आखूड बाजूफांद्या, यांच्यावर यंदा फळं आली होती, देठाच्या खुणा अजून दिसतात. टोकाकडचा अर्धा भाग नुसता लांब गेलेला, कोवळा, वाकून खाली आलेला. इथं कुठं कापायचं? टोकाकडचा लोंबता भाग काढायचा, पण अधांतरी नाही, एखादी बाहेर तोंड केलेली बाजूफांदी नाहीतर पानांची जोडी बघायची आणि तिच्या पाव इंच वर तिरका काप द्यायचा. लांब थोटूक ठेवलं तर ते वाळत खाली येतं, एकदम चिकटून कापलं तर डोळाच मरतो. बुडाकडच्या त्या आखूड काड्यांना हात लावायचा नाही, पुढचं फळ तिथंच आहे.

जाड फांदी काढताना तीन काप. आधी खोडापासनं वीतभर लांब खालच्या बाजूनं थोडं करवतायचं, मग त्याच्या जरा पुढं वरनं कापून फांदी पाडायची, वजन गेलं की राहिलेलं थोटूक खोडाजवळ काढायचं. सरळ वरनंच कापत गेलं तर फांदी पडताना खोडाची साल सोलून खाली नेते. शेवटचा काप खोडाला एकदम सपाट नको, फांदी जिथनं निघते तिथं फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवायचं, जखम तिथनंच भरून येते.

जखमेला बोर्डो पेस्ट. घरच्यापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी. दोन प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र ओतून ढवळायचं, लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं घ्यायचं नाही. तयार झाली का बघायला घासून लख्ख केलेला खिळा मिनिटभर बुडवायचा, खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी ब्रशनं लावून टाका, उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नाही. खोडाला खालनं दोन फूट लावली तरी चालते. पेन्सिलीएवढ्या कापांना लावत बसायची गरज नाही.

छाटणी झाली की मोठ्या झाडाला आठ-दहा दिवस पाणी थोडं तोडा, थोडा ताण बसू दे, मग शेणखत-पेंड घालून भरपूर पाणी द्या. डाळिंबाला बहार धरतो त्यातलाच प्रकार. आमच्याकडं मार्चमध्ये फुलं येतात. बारक्या झाडाला हा ताण देऊ नका.

मग मार्च ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहार टप्प्याटप्प्यानं येत राहतात, वळवाचा एक चांगला पाऊस झाला की आठवड्याभरात झाड गुलाबी. प्रत्येक बहाराची फळं संपली की फळ देऊन लांब गेलेल्या फांद्यांचा वीतभर शेंडा बाजूफांदीवर आणून कापायचा, एवढंच. दहा मिनिटांचं काम. जून ते सप्टेंबर मात्र मोडलेली फांदी आणि बुडातले फुटवे सोडून कशाला हात लावायचा नाही.

आणि माळीमामांना सांगून ठेवा. कुंपणाच्या मेंदीला मारतात तशी मोठी कात्री घेऊन वरनं सपाट, बाजूनं सपाट असं चौकोनी करून ठेवतात, दिसतं झ्याक, पण फूल येणारी सगळी टोकं गेली आणि बाहेरनं पानांची भिंत तयार झाली, आत अंधार. असं दोन-तीनदा झालं की झाड नुसतं शोभेचं होतं. आमच्या गल्लीतलं एक झाड असंच होतं, त्या काकांना वाटायचं जातच वांझ आहे.

असं जुनं, गचपण झालेलं झाड हातात आलं तर एकदम बुडातनं कापू नका. दर फेब्रुवारीत सगळ्यात जुनी एक नाहीतर दोन खोडं बुडातनं काढायची आणि त्या जागी येणाऱ्या फुटव्यांतला एक चांगला वाढवायचा. तीन वर्षांत झाड नवं होतं आणि मधल्या काळात फळं पण चालू राहतात.

फुलं येतात, फळं का येत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. या फुलात मध नसतो, तेल असतं, आणि तिकडं त्याच्या मूळ मुलखात हे तेल गोळा करणाऱ्या सेंट्रिस नावाच्या माशा आहेत, त्याच परागीकरण करतात. आपल्याकडं त्या नाहीत. आपली मधमाशी येते, बघते, जाते. म्हणून पुष्कळ फुलं गळतात, त्यात झाडाचा दोष नाही. दोन वेगळी झाडं असतील तर फरक पडतो, म्हणून वर दोन रोपं म्हटलं. सकाळी पोरांच्या रंगाच्या पेटीतला मऊ ब्रश घ्यायचा, या झाडाच्या फुलांत फिरवायचा, मग त्या झाडाच्या. पोरांनाच लावा या कामाला, सुट्टीत आवडीनं करतात.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण आणि मावा, मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजायचं. लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं, आठवड्यानं परत. आत मोकळं असलेल्या झाडाला हा त्रास निम्म्यानं कमी असतो. सूत्रकृमीवर आळ्याच्या कडेनं झेंडू लावा आणि पेंड चालू ठेवा, शेणखतातनं पॅसिलोमायसिस (सूत्रकृमी मारणारी उपयोगी बुरशी) दिलं तर अजून चांगलं. बुलबुल ही कीड नाही पण नुकसान तेवढंच करतात, फळं रंगावर आली की झाडावर जाळी टाका, झाड सहा-सात फुटांत ठेवल्याचा इथं फायदा कळतो.

फळ

फुलापासनं पिकायला तीन-साडेतीन आठवडे. लाल झालं की रोज नाहीतर एकाआड काढायचं, झाडावर राहात नाही, टपाटप गळतं. काढलेलं बाहेर दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. म्हणूनच हे फळ दुकानात कधी दिसत नाही. जास्त आलं तर धुवून, कोरडं करून फ्रीजरमध्ये टाका. आत तीन कडक बिया असतात, बारक्या पोरांना काढून द्या.

आमच्याकडं गुळाचं सरबत करतात, फळं हातानं कुस्करायची, गाळायची, गूळ, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. उकळत बसू नका, व्हिटॅमिन सी उकळल्यावर उडतं. अर्धवट पिकलेल्या फळांत ते जास्त असतं, ती मिरची-लसणाबरोबर वाटून चटणी केली तर भाकरीबरोबर नाद करायचा न्हाई. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज ओंजळभर खायच्या आधी डॉक्टरना विचारावं.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी, दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात बसतं, बुडाला पाच-सहा भोकं, उंची चार-साडेचार फुटांत ठेवायची, बाकी छाटणी तशीच. दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीतच ड्रममधली वरची चार बोटं माती बदलायची.

फेब्रुवारीत छाटलेल्या काड्या टाकून देऊ नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, आठ-नऊ इंच लांब तुकडे करा, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा, खालच्या टोकाला रूटिंग पावडर लावून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात अर्ध्यापर्यंत खोचा. वरनं प्लास्टिकची पिशवी, जागा सावलीची, माती ओलसर पण चिखल नको. दोन महिन्यांत मुळ्या धरतात, सगळ्या नाही, पण दहातल्या तीन-चार धरल्या तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरतात. पहिला उन्हाळा त्यांना पिशवीतच काढू द्या.